व्यायाम क्रमांक चार

पंधरा दिवसांतून एकदा
बोट मला चिलोएच्या या धाकट्या बेटावर सोडते
आणि समुद्राचं चित्त ठिकाणावर असलं
तर दुपारी तीनला परत नेते.
मधल्या वेळात खांदे, गुडघे, कंबरा.
शाळेमागची खोली, एक टेबल,
एक पडदा, निम्म्या कड्या तुटलेला.

दोन्या एदेलमिरा मान्सिया यांचा उजवा खांदा
मार्चपासून आखडलेला.
वेणी घालायला हात मागे जात नव्हता.
चुलीवरच्या फळीवरचा साखरेचा डबा
त्यांनी केव्हाच खाली आणून ठेवला होता.
लोक असंच करतात.
शरीर नाही म्हणालं
की घर थोडं थोडं खाली सरकवतात.

मी कागद दिला. आठ व्यायाम,
प्रत्येकाशेजारी काड्यांचा एक माणूस:
त्याला चेहरा नाही,
मेंढ्या नाहीत, ओली लाकडं फोडायची नाहीत.
दिवसातून तीनदा, दहा दहा वेळा.
खाली रकाने, खुणा करायला.

पंधरवड्यानं रकाने भरून आले.
बेचाळीस खुणा, एकाच शाईच्या,
सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या,
बहुधा बोटीचा भोंगा ऐकून घाईनं मारलेल्या.
खांदा होता तिथेच.
मी काही बोलले नाही.
माझ्या मानेसाठीही तीन व्यायाम लिहून दिलेत
सान्तियागोच्या एका शहाण्या मैत्रिणीनं.
कुठल्या खणात आहेत, देव जाणे.

पेन काढलं, सात व्यायाम खोडले.
"एवढा एकच करा. चौथा.
भिंतीला तोंड करून उभं राहायचं,
बोटं मुंगीसारखी वर चालवायची,
दुखेल तिथे थांबून दहा आकडे.
आणि तिथे पेन्सिलीची रेघ."
"भिंतीवर रेघ?"
त्या पहिल्यांदाच हसल्या.
"माझी भिंत आधीच भरलीय, बाई."

मग वादळं. दोन फेऱ्या बुडाल्या.
पुढच्या खेपेला त्या आल्या नाहीत,
म्हणून चिखल तुडवत मीच गेले.
दाराशी कुत्रं, आत धूर, लोकरीचा वास,
आणि दाराशेजारच्या फळीवर
सुरीनं कोरलेल्या खाचा.
आउरेलियो, तीन वर्षं. आउरेलियो, पाच.
सात. आठ. (नऊची नाही,
त्या वर्षी त्याला खोकला होता.)
शेवटची सोळाची.
त्यानंतर तो दक्षिणेला गेला,
पुन्ता अरेनासच्या गोदीत, जहाजं रंगवायला.

खाचांच्या शेजारून
पेन्सिलीच्या फिकट रेघा वर निघाल्या होत्या.
"पहिल्या दिवशी सातपर्यंतच पोचले," त्या म्हणाल्या,
"आणि रडले. खांद्यासाठी नव्हे.
दहाला यायला तीन आठवडे लागले.
तोही दहाला फार अडून बसायचा."

मी म्हटलं, करून दाखवा.
बोटं निघाली. बारा. तेरा.
चौदापाशी ओठ आवळले गेले.
सोळाच्या खाचेवर नखं टेकली
आणि हात थांबला.
"दुखतंय?"
"नाही."
"मग वर न्या. अजून हातभर जागा आहे."
त्यांनी कोऱ्या फळीकडे पाहिलं.
"तिथे काय आहे?"

कागदावर याला रकाना नाही.
मी कोरा चहा प्यायले. कुत्र्यानं माझा बूट हुंगला.
बऱ्याच वेळानं त्याच म्हणाल्या,
डिसेंबरात येतो म्हणालाय. उंच झालाय म्हणे.
डोक्यावर सुरी आडवी धरून खूण करायला
मला स्टूल लागेल का?

मी बोटांवर महिने मोजले.
"चौथा चालू ठेवलात तर नाही लागणार."

भोंगा झाला. निघताना लक्षात आलं,
त्यांची वेणी घातलेली होती,
बरीचशी डावीकडे गेलेली,
आणि साखरेचा डबा
अजून खालीच.